चष्म्याच्या घराला अस्तर

एका राज्यात पुष्करसेन नावाचा राजा होता. राज्य लांबरुंद, पण राजाची नजर चार हातांत संपायची. हत्ती जवळ आला की त्याला भिंत वाटे, आणि भिंत जवळ आली की ती कपाळावर आपटे. एकदा परराज्याचा वकील भेटीला आला, तेव्हा महाराजांनी मोठ्या प्रेमानं खांबाला मिठी मारली. खांब काही बोलला नाही, वकील मात्र रुसून गेला.

त्या राज्यात धवळ्या डोंगराच्या कपारीत स्फटिका नावाची चेटकीण राहत असे. तिला राजाची दया आली. तिनं पहाडातला काचेसारखा बिलोर काढला, बारा वर्षं घासला आणि त्याची दोन भिंगं केली. त्यांचा चष्मा घेऊन ती दरबारात आली.

"महाराज," ती म्हणाली, "ही भिंगं घासता घासता माझे डोळे गेले. चष्मा लावा आणि आधी माझ्याकडे बघा. याहून दुसरं मोल मला नको."

राजानं चष्मा लावला आणि आधी आरशात बघितलं. आपल्या मिशा कशा दिसतात याची त्याला बारा वर्षं काळजी लागून राहिली होती. त्याची पावलं आरशाकडे वळलेली आंधळ्या स्फटिकेला ऐकू आली.

"या भिंगांवर ओरखडा पडेल," ती म्हणाली, "आणि त्या ओरखड्याआड जे पहिल्यांदा येईल, ते साऱ्या राज्याच्या नजरेआड होईल." एवढं बोलून ती काठी टेकत निघून गेली.

दरबारात पळापळ झाली. चष्मा ठेवायचा कुठे? सोन्याची डबी टणक, चांदीची तशीच. शेवटी प्रधानाला भिवराची आठवण झाली. नदीकाठी राहणारी भिवरा कातड्याचं काम करी. तिची मोट कधी गळत नसे, तिची वहाण कुणाला चावत नसे. तिच्या बापानं मरताना तिला दोन गोष्टी दिल्या होत्या. एक म्हणजे घराण्याचा लोखंडी ठसा, नांगी वळवलेला विंचू. दुसरी म्हणजे घराण्याची रीत. बाप म्हणायचा, "अस्तर लावतो तो चोर. कातडं वाईट असलं की लोक आतनं कापड लावून झाकतात."

भिवरानं करडाचं कोवळं कातडं घेतलं, कमावलं, घोटलं. आरीनं बारीक भोकं पाडून टाके घातले आणि चष्म्याचं घर शिवलं. राजाच्या माणसानं विचारलं, "आत मऊ काही लावायचं नाही का?" भिवराला राग आला. "माझ्या कातड्याला अस्तर लागत न्हाई," ती म्हणाली. मग घराच्या पोटावर ठसा ठेवून हातोडीचे तीन घाव घातले. विंचू असा खोल उठला की बघणारा बोट मागे घेई. भिवरा स्वतःवर खूश झाली.

राजा रोज संध्याकाळी चष्मा त्या घरात ठेवी आणि सकाळी काढी. आठव्या सकाळी भिंगावर केसाएवढा ओरखडा दिसला. राजानं खिडकीतून पूर्वेला बघितलं आणि धवळा डोंगर दिसेनासा झाला. डोंगर होता तिथंच, पण दिसत नव्हता. लाकूडतोडे हातांनी चाचपत वर चढू लागले. सोळाव्या सकाळी दुसरा ओरखडा पडला आणि कमळांचं तळं गेलं. बायका घागरी बुडवत, घागर जड होई, आत मात्र काही दिसत नसे.

तिसरा ओरखडा पडला तो भोंडल्याच्या दिवशी. वाड्याच्या अंगणात पाटावर हत्ती मांडला होता आणि मुली फेर धरून गात होत्या. राजा कौतुकानं सज्जात आला. ओरखडा फेरातल्या एकाच मुलीवर आला, आणि फेरात एक जागा रिकामी झाली. तिच्या दोन बाजूंच्या मुलींनी हात धरलेलाच होता, पण हातात काय धरलंय ते त्यांना दिसेना. ती भिवराची लेक शेवंता, सात वर्षांची, भिवराला असलेली एकुलती एक.

राजानं भिवराला बोलावणं धाडलं. भिवरा आली ती एका रिकाम्या जागेचा हात धरून आली.

"भिवरा, तुझ्या घरात चष्म्याला ओरखडे पडतात."

"म्हाराज, माझ्या कातड्यात खोट न्हाई," भिवरा म्हणाली. पण म्हणताना तिनं मूठ घट्ट केली, कारण हातातला हात कालच्यापेक्षा हलका लागत होता.

तेवढ्यात सज्जाच्या कठड्यावर एक शिंपीण येऊन बसली. पानं शिवून घरटं करणारी ती चिमुकली पाखरी. त्या राज्यात पाखरं बोलत, त्यामुळे कुणी दचकलं नाही.

"इथं बोलून काय होणार?" शिंपीण म्हणाली. "स्फटिकेकडे जा. मी वाट दाखवते."

राजानं चष्म्याचं घर भिवराच्या हवाली केलं. ते परत येईपर्यंत महाराज चष्मा नाकावर ठेवूनच बसल्या बसल्या झोपत.

निघण्याआधी भिवरानं लेकीची वेणी घातली. केस दिसत नव्हते, पण बोटांना सवय होती. वेणीला तिनं लाल रिबीन बांधली. मग वाटेनं पुढे शिंपीण, मध्ये भिवरा आणि मागे हवेत हलणारी लाल रिबीन, अशा तिघी चालत राहिल्या. डोंगर दिसत नव्हता, म्हणून पाय टेकेल तिथं चढ आहे असं मानून त्या चढल्या. खाली ढग, वर ढग, आणि मधून शेवंताचं भोंडल्याचं गाणं.

कपारीत स्फटिका बसली होती.

"माय, माझी लेक दिसू दे," भिवरा म्हणाली.

"भिंगावरचे ओरखडे मी अंगठ्यानं पुसेन," स्फटिका म्हणाली. "पण तुझं घर उद्या पुन्हा पाडेल. हे घे भिंग. पाण्याच्या पापुद्र्याएवढं पातळ आहे. तुझ्या घरात घाल आणि या माथ्याभोवती एक फेरा घे. ओरखडा न पडता आलीस तर राजाला वर बोलाव. तीन दिवस, तीन फेरे, दर फेऱ्याआधी भिंग मी पुसून देईन. तिसऱ्यानंतर तुझी लेक हाकेच्याही बाहेर जाईल."

"अस्तर लावू?"

"मी भिंगं करते. घर तू करतेस."

भिवरा तिथंच बसली. बापाचा शब्द मोडायला तिचं मन घेईना. पण रिबीन शेजारी हलत होती. तिनं डोंगर उतरून बाजारातली सगळ्यात महाग मखमल आणली, घराचे टाके उसवले, आतून मखमल लावली आणि पुन्हा शिवलं. भिंग आत घालून फेरा घेतला. परत येऊन बघते तो भिंगावर जाळंच जाळं.

शिंपीण झाडावरून म्हणाली, "नव्या कापडाला खळ असते, बाई. खळीचे कण घासतात. माझ्या पिलांना मी कधी नवं काही घालत नाही."

"मग काय घालतेस?"

"शेवरीचा कापूस. तुला देईन, पण माझं घरट्याचं पान फाटलंय. ते शिवून दे."

भिवरानं सगळ्यात बारीक आरी काढली आणि हिरवं पान असं शिवलं की शिंपीण स्वतः खाली येऊन टाके मोजू लागली. कापूस मिळाला. आता कापसावर लावायला खळ नसलेलं कापड हवं होतं, आणि तसं कापड भिवराच्या घरी एकच होतं. शेवंताचं बाळपणीचं दुपटं. शंभर पाण्यांतून निघालेलं, उन्हात वाळलेलं, गालाला लावलं तर लावल्याचं कळू नये इतकं मऊ. लेक गेली तर एवढंच हातात राहील, म्हणून भिवरा ते सोडायला तयार नव्हती. त्या रात्री ती घरी गेली आणि दुपटं पोटाशी धरून बराच वेळ रडली. मग कातडं कापायची रापी घेतली आणि मापानं कापलं.

दुसऱ्या दिवशी मखमल काढून तिनं कापूस भरला, वर दुपट्याचं अस्तर लावलं आणि दुसरा फेरा घेतला. परत येऊन भिंग उन्हात धरलं. जाळं नव्हतं. पण एक ओरखडा होता. एकच, केसाएवढा.

आणि रिबीन वेणीवरून अर्धी घसरली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिवरा शेवरीखाली घर मांडीवर घेऊन बसली. "आणखी कापूस भरते," ती म्हणाली.

"भरशील तेवढं आतून फुगेल," शिंपीण म्हणाली. "ओरखडा कुठे पडतो ते बघ."

भिवरानं भिंग बघितलं. तिला आठवलं, हा ओरखडा पहिल्या दिवशीच्या जाळ्यातही होता, सगळ्यात खोल, आणि त्याच जागी. तिनं घरात बोटं घालून बघितली. चामड्यात राबून राबून जाड झालेली तिची बोटं तोंडाशीच अडकली, आणि जेवढी गेली तेवढ्यांना काही कळलं नाही.

"आये, मी बघू?"

आवाज इतका बारीक होता की भिवराला तो पानांतून आल्यासारखा वाटला. मग मांडीवरच्या घराचं तोंड किंचित फाकलं. आतून अस्तर इकडून तिकडे हललं.

"आये, हितं विंचू हाय."

"काय म्हणतेस?"

"आपला विंचू. त्याची नांगी वर आलीया. कापडाखालनं टोचतीया."

भिवरानं घर उलटंसुलटं केलं आणि तिला सगळं कळलं. ठसा बाहेरून मारला म्हणजे आत उंचवटा येणारच. हे तिला का ठाऊक नव्हतं? वहाणेवर मारला, मोटेवर मारला, तेव्हा आत काय उठतं ते कधी कुणी बघितलंच नव्हतं. इथं मात्र नांगीचं टोक बरोबर भिंगाच्या पोटावर आलं होतं. मखमल असो की दुपटं, हातोडीचे तीन घाव त्याखालून वर येत होते. आणि हे घाव तिनं रागानं, फुशारकीनं घातले होते.

तिला बापाचा हात आठवला. थंडगार झालेल्या त्या हातानं ठसा तिच्या ओंजळीत ठेवला होता. मग ती उठली. तिनं टाके उसवले, अस्तर बाजूला ठेवलं, कातडं झऱ्याच्या पाण्यात भिजवलं आणि उलटं करून शिळेवर पसरलं. झऱ्यातला गुळगुळीत गोटा घेऊन ती घोटू लागली. आधी विंचवाचे पाय गेले. मग पुढचे चिमटे गेले. नांगीचं टोक काही केल्या जाईना, तेव्हा तिनं दात आवळले आणि म्हटलं, "बा, माफ कर." गोटा फिरत राहिला आणि तेही गेलं. कातडं कोरं झालं. ते उन्हात वाळल्यावर तिनं आत कापूस आणि दुपटं लावलं आणि एकेक टाका घालत घर पुरं केलं.

तिसऱ्या फेऱ्याला ती निघाली तेव्हा ऊन कलत होतं. अर्ध्या वाटेत मागे काहीतरी पडल्यासारखं वाटलं. वळून बघते तो वाटेवर लाल रिबीन पडलेली. तिला धरून ठेवायला आता केस उरले नव्हते.

"शेवंते!"

ओ आली नाही.

भिवराला धावावंसं वाटलं. पण धावलं तर घर हिंदकळणार, भिंग घासणार. तिनं रिबीन उचलून मनगटाला बांधली, घर दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि पाऊल मोजून टाकत चालली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. इतक्या हळू ती आयुष्यात कधी चालली नव्हती.

स्फटिकेनं भिंग बाहेर काढलं आणि जिभेच्या टोकानं तपासलं. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"राजाला बोलाव," ती म्हणाली.

शिंपीण उडाली. राजा पायी आला, दोनदा ठेचकाळला, पण पालखी मागवली नाही. स्फटिकेनं चष्मा हातात घेऊन तीनदा अंगठा फिरवला आणि तीन ओरखडे दवासारखे निघून गेले. मग तिनं चष्मा परत दिला. रोजच्या सवयीनं खिदमतगारानं आरसा पुढे केला. राजानं तो हातानं दूर सारला आणि स्फटिकेकडे बघितलं.

तो दोन पावलं जवळ गेला. मग म्हणाला, "केस पिकलेत. हनुवटीवर तीळ आहे. डोळे माझ्यापायी गेले. मी हे तेव्हाच बघायला हवं होतं."

"आता बघितलंत," स्फटिका म्हणाली. "पुरे झालं." आणि ती हसली.

राजानं मान वळवली. पायांखाली धवळा डोंगर हिरवागार दिसू लागला. खाली तळं चमकलं, त्यात कमळं होती तशी होती. मग त्यानं भिवराकडे बघितलं. भिवराच्या शेजारी, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून, केस सुटलेली एक मुलगी उभी होती आणि तिचं तोंड रागानं लाल झालं होतं.

"आये, मी कवापासनं हाका मारतीया! तू वळून बघत न्हाईस!"

भिवरानं लेकीला जवळ ओढलं. तिची बोटं आधी केसांत गेली आणि आपोआप वेणी घालू लागली.

राजा थांबला. वेणी झाल्यावर, रिबीन बांधून झाल्यावर त्यानं चष्म्याचं घर हातात घेऊन निरखलं.

"भिवरा, ठसा कुठे? हे तुझं काम आहे हे लोकांना कळणार कसं?"

"आत बोट घाला, म्हाराज."

राजानं बोट घातलं. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.

"इथं तर काहीच लागत नाही."

"हां," भिवरा म्हणाली. "त्येच."

पुढे त्या राज्यात लोक भिवराचं काम आत बोट घालून ओळखू लागले. लोखंडी ठसा शेवंताला खेळायला मिळाला. ती तळ्याकाठच्या चिखलात ओळीनं विंचू उठवायची आणि पाणी आलं की ते निघून जायचे. राजाचा चष्मा रोज संध्याकाळी दुपट्यात निजे आणि सकाळी जसाच्या तसा उठे. भिवराला तिची लेक दिसली, तशी ज्याची त्याला दिसो, आणि ऐकणाऱ्यांची नजर निर्मळ राहो.