उजवी विंग कोणती?

नदीकाठच्या एका गावात दमयंतीबाई नाटक शिकवत असत. त्यांच्याकडे येणारे बहुतेक जण नवखे होते. त्यांत विश्वंभर नावाचा एक उंचापुरा तरुण होता. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. पण एका गोष्टीची त्याला फार भीती वाटे. लोक आपल्याला हसतील, याची.

पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, "बाई, विंग म्हणजे काय?" सगळे हसले. बाई म्हणाल्या, "रंगमंचाच्या दोन्ही अंगांना जो आडोसा असतो, ती विंग. नट तिथूनच येतो आणि तिथेच जातो." त्या मुलीला समजलं. विश्वंभरने मात्र मनाशी ठरवलं, आपण कधी काही विचारायचं नाही.

रोज नवे शब्द येत गेले. एंट्री, नेपथ्य, झालर. बाई विचारत, "समजलं?" विश्वंभर सगळ्यांच्या आधी मान हलवी. एकदा बाईंनी रंगमंचाची उजवी बाजू समजावून सांगितली. ती नटाच्या उजव्या हाताला असते, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं. नटाने तेव्हा तोंड प्रेक्षकांकडे करायचं असतं, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. तालमीत तो इतरांच्या मागे जाई, म्हणून कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

नाटकाच्या दिवशी नाट्यगृह गच्च भरलं होतं. विश्वंभर राजा झाला होता आणि शेवंता नावाची लहान मुलगी राजकन्या. राज्याभिषेकाचा प्रवेश सुरू होता. राजा राजकन्येचा हात धरून, प्रेक्षकांकडे पाठ करून सिंहासनासमोर उभा होता. त्याच्या मागे प्रधान आणि शिपाई होते. नगारा वाजत होता.

तेवढ्यात वर काहीतरी करकरलं. राजवाड्याचा रंगवलेला पडदा एका जाड लाकडी दांड्याला टांगलेला होता. त्या दांड्याच्या डाव्या विंगेकडच्या टोकाचा दोर तुटत आला होता. बाईंनी ते विंगेतून पाहिलं. प्रेक्षकांत पळापळ होऊ नये म्हणून त्यांनी कारण सांगितलं नाही. फक्त हाक दिली, "सगळे उजव्या विंगेत या. लगेच."

प्रधान आणि शिपाई निघून गेले. ते पाठीमागे असल्यामुळे विश्वंभरला दिसलेच नाहीत. नगाऱ्याच्या आवाजात हाक कुठून आली तेही कळेना. त्याने आपल्या उजव्या हाताकडे एक पाऊल टाकलं आणि तो थबकला. पाठ फिरवली की उजवी बाजू बदलते का?

डोक्यावर धूळ पडली. त्याने वर पाहिलं. दांडा एका बाजूने खाली झुकत होता. शेवंताची बोटं त्याच्या मुठीत गार पडली होती.

सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला, "बाई, उजवी म्हणजे कुठली? मला माहीत नाही."

प्रेक्षकांत हशा पिकला. लोक पोट धरधरून हसू लागले. बाई हात पुढे करून विंगेतून बाहेर आल्या. "इकडे. माझ्याकडे ये."

त्याने पाऊल टाकलं होतं त्याच्या अगदी विरुद्ध बाजूला त्या उभ्या होत्या. शेवंताला ओढत तो तिकडे धावला. मागे दोर तुटला आणि दांडा धाडकन खाली आला. सिंहासनाचा चुराडा झाला. हसणारे लोक ताडकन उभे राहिले.

विंगेत पोचताच विश्वंभर मटकन खाली बसला. त्याने शेवंताला विचारलं, "तुला तरी माहीत होतं का गं, उजवी कुठली ते?"

"नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही न्याल तिकडे मी येणार होते."

दांडा झुकताना वाटली नव्हती एवढी भीती विश्वंभरला ते ऐकून वाटली.

तात्पर्य: न समजलेलं विचारलं तर फार तर लोक हसतात, पण समजल्याचं सोंग केलं, तर आपल्यावर विसंबून चालणाऱ्याचा जीवही धोक्यात येतो.