कुंपणावरची सत्तावीस मडकी

गावात कुंभारांची घरे तीन होती की चार, हे आता नक्की आठवत नाही. सांगण्यात चूक असली तर तेवढीच असावी. मडक्यांचे आकडे मात्र दोनदा पडताळलेले आहेत.

त्या गावची शेवंता तालुक्याला जाऊन संख्याशास्त्र शिकलेली. नवरा वारला आणि घरचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, ती स्वतः पेटवू लागली. त्या आव्यावरच दोघी सासूसुनांचे पोट होते. पण आळीत कुजबुज सुरू झाली : विधवेचा हात लागला की मडकी तडकतात.

आळीचे पुढारी नारबातात्या म्हणाले, "पोरी, उद्या पंच बसतील. तुझा आवा बंद."

"मोजून बंद करा, तात्या. नुसतं बोलून नको."

तडकलेले मडके कुंपणावर पालथे घालायची तिथली रीत होती. शेवंताने सगळ्या कुंपणांवरची मडकी मोजली. त्या महिन्यात तिच्या आव्यातून एकशेवीस मडकी निघाली होती, सत्तावीस तडकली. बाकीच्यांची एकशेऐंशी, तेहेतीस तडकली. प्रमाण काढले, तर तिचीच जास्त होती.

सासू हळूच म्हणाली, "अगं, पाच-सहा मडकी परड्यात पुरून टाक. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना, आत्याबाई."

पंच बसले. "सत्तावीस!" तात्या ओरडले. "आता आणखी काय हवं?"

"जास्त आहेत. पण किती जास्त, तेही विचारा." शेवंताने कोळशाने ओट्यावर चार घरे आखली : तिची तडकलेली, तिची धड, बाकीच्यांची तडकलेली, बाकीच्यांची धड. "तीनशेंत साठ तडकली, म्हणजे पाचांत एक. हाताचा दोष नसेल तर माझी चोवीस तडकायला हवीत, तुमची छत्तीस. तडकलेली असोत की धड, चारही घरांत फरक तीनचाच. त्याचा वर्ग करायचा, त्या-त्या घराच्या अपेक्षित आकड्याने भागायचा, चारही उत्तरं मिळवायची. ही काय-वर्ग चाचणी, इंग्रजीत काय-स्क्वेअर. हद्द आधीच सांगते, ३.८४; नुसत्या योगायोगाने बेरीज शंभरांत पाचदाच त्यापुढे जाते. बेरीज पुढे गेली तर आवा मीच विझवीन."

बेरीज आली ०.७८. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो.

"मग मडकी काय मी फोडली?" तात्या फणकारले.

शेवंताने मडक्यांची बुडे दाखवली. तळ्याच्या मातीच्या मडक्याला कुंभार नखाची खूण करत. खुणेच्या शंभरांपैकी चाळीस तडकली होती. नदीच्या मातीच्या दोनशेंपैकी वीस. तिने पुन्हा चार घरे आखली. या वेळी बेरीज साडेसदतीस, हद्दीच्या कितीतरी पुढे.

तळ्याची माती आणायचा हट्ट तात्यांचा होता.

"हात बदलू नका, तात्या. माती बदला," शेवंता म्हणाली, आणि पंचांदेखत तिने आवा पेटवला.

पुढे कित्येक वर्षांनी ती माती तपासली गेली. तिच्यात चुनखडीचे खडे निघाले. असे खडे आव्यात भाजले, की ओल लागताच फुगतात आणि मडके तडकवतात.

तात्पर्य एवढेच : कुणाला दोष देण्याआधी मोजावे, आणि मोजणी आपल्यावर उलटेल असे वाटले, तरी एकही मडके लपवू नये.