बिनआंबटाची अळकुडी

"मग तुम्हीच का सांगत नाही त्यांना, बुवा? तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. अळकुडी खा म्हणावं!"

विश्राम पुन्हा तेच म्हणाला.

अच्युतबुवा मठाच्या पडवीत सुपारी सोलत बसले होते. समोर भिंतीला टेकून विश्रामचे वडील, धोंडूअण्णा. मोठ्या तापातून उठले होते, पण उठले ते नावालाच. सदरा खुंटीवर टांगावा तसा अंगावर लोंबत होता. गाडीतून उतरून पायऱ्या चढतानासुद्धा त्यांना धरावं लागलं होतं. असंच चाललं तर हा माणूस पावसाळा काढणार नाही, हे बघताक्षणी कळत होतं.

विश्राम एके काळी याच मठात बुवांकडे शिकला. पुढे शहरात जाऊन आहारशास्त्र शिकला, मोठा झाला, चार ठिकाणी व्याख्यानं देऊ लागला. नाव विश्राम, पण जिभेला तो कधी लाभला नाही.

"अण्णा, काय होतंय?" बुवांनी विचारलं.

"अशक्तपणा," विश्राम म्हणाला.

"भूक लागते का?"

"अजिबात नाही. अन्नावरची वासनाच उडालीय."

"झोप?"

"झोपेचं म्हणाल तर…"

दर वेळी अण्णांचं तोंड जरासं उघडायचं आणि मिटायचं.

"मी त्यांना विचारतोय," बुवा म्हणाले.

"अहो, पण त्यांना नीट सांगता येत नाही. म्हणून तर मी सांगतोय."

बुवांनी एक सुपारी दाणकन टोपलीत टाकली.

"बरं. सांग."

एवढंच हवं होतं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला!

"बुवा, अळवाच्या या गड्ड्यासारखा, अळकुडीसारखा कंद नाही. बटाट्यापेक्षा तंतू जास्त, पोट साफ राहतं. पिष्ट सावकाश पचतं, साखर एकदम चढत नाही. पोटॅशियम, मॅग्नेशियम, ई जीवनसत्त्व… तापातून उठलेल्याला आणखी काय हवं? रोज मी स्वतः करतो, आजही डबा भरून आणलाय. बायकोला हात लावू देत नाही. आणि हे तोंड मिटून बसतात! लहान पोर परवडलं."

"आमसूल किती घालतोस?"

"छे! आंबटानं गुण मरतात. चिंच नाही, आमसूल नाही. शिजवायचंही फार नाही. जेमतेम वाफ."

बुवांचा हात थांबला.

"…आणि तू खातोस?"

"मी? माझी प्रकृती निराळी आहे. मला कंद मानवत नाहीत."

बुवांनी कपाळावर हात मारून घेतला. माझ्याच हाताखाली शिकलेला हा, असं काहीसं ते पुटपुटले. मग उठून आत गेले. आत फडताळाची दारं आपटल्याचं ऐकू आलं. परत आले तेव्हा हातात पाण्याची वाटी होती आणि तिच्यात आमसुलं भिजत होती. वाटी त्यांनी आपल्या गुडघ्याशी ठेवली.

"डबा उघड."

विश्रामनं उघडला. पांढऱ्या, करकरीत फोडी. बुवांनी एक बोटानं दाबून पाहिली. दबली नाही.

"मठाची रीत आठवते? आजाऱ्यासाठी आणलेला घास आणणारा आधी खातो."

"बुवा, ती जुनी…"

"खा."

विश्रामनं एक फोड तोंडात टाकली. चावताना हसला. गुरूची हौस, काय करायचं!

"आणखी एक."

तीही गिळली. "आता तरी सांगाल ना त्यांना? की या कंदात जे…"

आणि तो थांबला.

गळ्याला हात गेला. खाकरला. पुन्हा खाकरला. जीभ, टाळू, घसा, सगळीकडे बारीक कुसळं घुसल्यासारखं झालं. बोलायला गेला तर शब्दच फुटेना.

पडवीत शांतता पसरली. अण्णांच्या वाट्याला ती कितीतरी महिन्यांनी आली असावी.

बुवा अण्णांकडे वळले.

"हं, अण्णा. काय होतंय?"

अण्णांनी सवयीनं मुलाकडे पाहिलं. मुलगा नुसता डोळे पुसत होता.

"…भूक लागता," अण्णा म्हणाले.

विश्रामनं मान वर केली.

"रोज लागता. खूप लागता. पन ह्यां गिळूक गेलंय काय घसो खाजता. मगे पेजपन उतरणा नाय."

"त्याला सांगितलं नाहीत?"

"सांगूक गेलंय काय तो गुण सांगी."

बुवांनी डब्याचं झाकण लावून टाकलं.

"अळकुडी माका आवडता हो," अण्णा म्हणाले. आवाज खोल होता, पण आता थांबत नव्हता. "ह्याची आवस, माझी बायल, आमसुलां घालून रटरट शिजवी. मी वाडगो पुसून खाय. ह्यो रोज येवढ्या मायेन करता, तेका नको कसा म्हणू?… म्हणान तोंड मिटून ऱ्हवलंय."

विश्रामला लाज वाटली. आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी वाटली. बाप भुकेनं वाळत होता आणि आपण त्याच्यापुढे उभे राहून व्याख्यान देत होतो. त्याला काहीतरी बोलायचं होतं, बापाची क्षमा मागायची होती. पण घशातून नुसती घरघर आली. त्यानं बुवांच्या गुडघ्यापाशी असलेल्या वाटीकडे हात केला. आमसुलाच्या पाण्यानं खाज उतरते, एवढं तर त्यालाही माहीत होतं.

"आनी आजून एक सांगायचा होता…" अण्णा म्हणाले.

विश्रामचा हात वाटीला लागणार, तोच बुवांनी वाटी उचलून आपल्या पाठीमागे ठेवली.

"थांब," ते म्हणाले. "त्यांचं बोलून झालेलं नाही."