नोटेवरचा राजवाडा

कर्दळीनगरात कागदी नोटा प्रथमच निघायच्या होत्या. राजा दुर्जयसेनाने दरबारी चितारीण सगुणाबाईंना फर्मावले, "नोटेवर आमचा नवा राजवाडा काढा!"

सगुणाबाईंना मात्र गावचे तळे सलत होते. राजवाड्याच्या तटाने ते आत घेतल्यापासून बायकांना पाण्यासाठी दूर नदीवर जावे लागे, आणि तटाशी फिरकणाऱ्याला चाबकाचे फटके बसत.

चित्र दाखवताना त्या म्हणाल्या, "महाराज, ही नोट बाजारात चालायची नाही. राजवाडा प्रजेने पाहिलाच नाही. अनोळखी चित्राची नोट वाणी खोटी म्हणून परत करील."

"परत करील? फटके देऊ त्याला!"

"मग फटक्यांच्या धाकाने तो खरी नोट घेईल, महाराज, आणि त्याच धाकाने खोटीही घेईल."

राजाने प्रजेला राजवाडा दाखवायचा हुकूम सोडला. दुसऱ्याच दिवशी राजवाड्याचे दरवाजे सर्वांना खुले झाले. पुरुष राजवाडा पाहायला आले. बायका येताना घागरी घेऊन आल्या.

चार दिवसांनी पहारेकऱ्याने एकीला हटकले, "अगं, कालच पाहून गेलीस ना?"

"नोट रोज हाती येणार, दादा," घागर बुडवत ती म्हणाली, "ओळख ताजी नको का ठेवायला?"