पालुली आणि घुरघुऱ्या डबा

एका घरात, एका भिंतीवर, एक पालुली राहायची. पालुली म्हणजे पालीचं पिल्लू. केवढंसं? तुमच्या करंगळीएवढं. तेसुद्धा शेपटी धरून हं!

पालुलीला एक आई होती. आई भिंतीभिंतीवरून किडे शोधत फिरायची. पोट भरलं की हाक मारायची, "चुक चुक! चुक चुक!" हाक येईल तिकडे पालुली पळायची. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पळत जायची आणि आईच्या पोटाखाली शिरायची.

एके दिवशी काय झालं? आई गेली. पालुली वाट बघत बसली. ऊन खिडकीत आलं. ऊन टेबलावर आलं. हाक काही येईना.

येणार कशी? टेबलाशेजारी होता कॉम्प्युटरचा डबा. काळा, चौकोनी, जाड्या. तो सारखा घुरघुरायचा. घुर्रर्र! घुर्रर्र! त्या दिवशी तर फारच. त्यात "चुक चुक" कुठली ऐकू यायला!

पालुलीनं भिंतीला कान लावला. घुर्रर्र! छताला कान लावला. घुर्रर्र! पालुलीला रडूच आलं. तिला आई हवी होती. बाकी काही नको होतं.

मग ती निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. डब्यापाशी आली.

"डबोबा, डबोबा, गप्प बसा ना.
आईची हाक ऐकू येईना!"

"घुर्रर्र!" डबा म्हणाला. "मी कसला गप्प बसतोय! पोटात पंखा पळतोय माझ्या. पंखा हळू फिरेल, तर मी गप्प बसेन."

पालुली गेली पंख्याकडे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"पंखेदादा, पंखेदादा, हळू फिरा ना.
डबा गप्प बसेना,
आईची हाक ऐकू येईना!"

"गरगर गरगर!" पंखा म्हणाला. थांबून बोलायलासुद्धा त्याला सवड नव्हती. "मी कसला हळू फिरतोय! आत तवा तापलाय नुसता. गार वारा आत शिरेल, तर मी हळू फिरेन."

पालुली गेली वाऱ्याकडे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. वारा खिडकीत पडद्याशी खेळत होता.

"वारोबा, वारोबा, आत शिरा ना.
पंखा हळू फिरेना,
डबा गप्प बसेना,
आईची हाक ऐकू येईना!"

"सूं सूं!" वारा म्हणाला. "मी कसला आत शिरतोय! गेलो होतो की. नाक आपटून परत आलो. जाळी वाट सोडेल, तर मी आत शिरेन."

पालुली गेली जाळीकडे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. डब्याच्या डोक्यावर एक विणलेला रुमाल होता. रुमालाखाली होती जाळी.

"जाळीताई, जाळीताई, वाट सोडा ना.
वारा आत शिरेना,
पंखा हळू फिरेना,
डबा गप्प बसेना,
आईची हाक ऐकू येईना!"

"मी कसली वाट सोडतेय!" जाळी म्हणाली. बिचारी पार गुदमरली होती. "माझ्या अंगावर काय काय आहे, बघ तरी!"

पालुलीनं बघितलं. अबब! धुळीची ही जाडजूड गोधडी. गोधडीत हळद. गोधडीत कुंकू. अक्षतांचे तांदूळ. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. हे सगळं इथं कुणी आणलं? कळेल, कळेल. जरा दम धरा.

"ब्रश मला झाडेल," जाळी म्हणाली, "तर मी वाट सोडेन."

पालुली गेली ब्रशाकडे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. ब्रश पेल्यात उभा होता, मोठ्या ऐटीत.

"ब्रशभाऊ, ब्रशभाऊ, जाळी झाडा ना.
जाळी वाट सोडेना,
वारा आत शिरेना,
पंखा हळू फिरेना,
डबा गप्प बसेना,
आईची हाक ऐकू येईना!"

"खस खस!" ब्रश म्हणाला. "मी कसला झाडतोय! धूळ बसलीय आतून, आणि मी फिरतोय बाहेरून. मावशी डबा उघडेल, तर मी झाडेन."

पालुली गेली केतकीमावशीकडे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. हे घर मावशीचं. कॉम्प्युटरही तिचाच. मावशी त्यावर चित्रं काढते. घरांची चित्रं. दारं, जिने, खिडक्या. टकटक टकटक!

पालुली टेबलावर चढली आणि मावशीच्या चष्म्यासमोर उभी राहिली. दुसरं कुणी असतं तर किंचाळलं असतं. मावशी किंचाळली नाही. थोडीशीच किंचाळली.

"मावशी, मावशी, डबा उघड ना.
ब्रश जाळी झाडेना,
जाळी वाट सोडेना,
वारा आत शिरेना,
पंखा हळू फिरेना,
डबा गप्प बसेना,
आईची हाक ऐकू येईना!"

"मी कसली उघडतेय!" मावशी म्हणाली. "स्क्रू गंजलेत सगळे. फिरतात, फिरतात, निघतच नाहीत."

"मग बंद तरी कर ना त्याला."

"कसा करू गं? आत मोठं चित्र तयार होतंय. मध्येच बंद केलं तर सगळं पुसलं जाईल. आता नवाच डबा हवा. घुरघुरणारा नको. तापणारा नको. पुसायला सोपा हवा. मग हा मोडून टाकला तरी चालेल. तांबोळीकाका नवा डबा देतील, तर मी हा उघडेन."

मावशीनं पर्स घेतली. पालुली पर्सच्या कप्प्यात बसली. दाराबाहेर पडताना तिनं मागं बघितलं. आपण नसताना आईनं हाक मारली तर? 

तांबोळीकाकांचं कॉम्प्युटरचं दुकान चौकात होतं. पालुलीनं पर्समधून डोकं बाहेर काढलं.

"काका, काका, नवा डबा द्या ना.
मावशी डबा उघडेना,
ब्रश जाळी झाडेना,
जाळी वाट सोडेना,
वारा आत शिरेना,
पंखा हळू फिरेना,
डबा गप्प बसेना,
आईची हाक ऐकू येईना!"

"देण्याचं नंतर बघू," काका म्हणाले. "आधी निवडा तरी!"

काकांनी पहिला डबा दाखवला. काचेचा डबा. आत लाल दिवे, निळे दिवे. चमचम चमचम!

"अय्या, काय सुंदर!" मावशी म्हणाली.

काकांनी बटण दाबलं. डबा पुढून बंद. डबा वरून बंद. वारा शिरणार कुठून? आत लागलं तापायला. पंखे लागले पळायला. घुर्रर्र! घुर्रर्र!

"नको गं बाई!" मावशी म्हणाली.

काकांनी दुसरा डबा दाखवला. त्याला भोकंच भोकं. चाळणीच जणू! बटण दाबलं. वारा आला, सूं सूं. डबा गार झाला. पण जाळी कुठाय? जाळीच नाही! काकांनी आत बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट.

"नको गं बाई!" मावशी म्हणाली.

काकांनी तिसरा डबा दाखवला. साधा डबा. काच नाही, दिवे नाहीत. पुढं बारीक जाळी. काकांनी जाळी ओढली. सर्रकन हातात आली! "नळाखाली धरायची, वाळवायची, परत लावायची," काका म्हणाले. "बस्स." आत दोन पंखे होते, बशीएवढे मोठे. "मोठा पंखा सावकाश फिरतो. त्याला घाई नसते."

काकांनी बटण दाबलं.

हुश्श... एवढाच आवाज. पुढं काही नाही.

दुकान शांत झालं. आणि तेवढ्यात भिंतीवरून हाक आली. "चुक चुक! चुक चुक!"

"आई!" पालुलीनं पर्समधून उडीच मारली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, थेट भिंतीवर.

तिथं आई होती. पण ती दुसऱ्याच पिल्लाची आई होती. ते पिल्लू पळत आलं आणि तिच्या पोटाखाली शिरलं. पालुली बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग हळूहळू खाली उतरली.

"हाच डबा घेऊ," ती म्हणाली. "हा चालू असला तरी हाक ऐकू येते."

"मी कसला देतोय!" काका म्हणाले. "मागचा डबाही मीच दिला होता. चांगला होता बिचारा. पण तुमचे अप्पा! खंडेनवमीला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतात. करू देत. पण डब्याच्या डोक्यावर हळद? कुंकू? अक्षता? झेंडू? सगळं जाळीत! वर आणखी रुमाल! त्यानं श्वास घ्यायचा कुठून? असं पुन्हा करणार नाही, असा अप्पा शब्द देतील, तर मी डबा देईन."

आता कळलं ना, जाळीवर ते सगळं कुणी आणलं?

पालुली आली घरी. गेली अप्पांकडे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. अप्पा म्हणजे मावशीचे बाबा. ते आरामखुर्चीत बसले होते. अप्पांना कमी ऐकू येतं. म्हणून डब्याचं घुर्रर्र त्यांना कधी समजलंच नव्हतं. पालुली खुर्चीच्या हातावर चढली आणि जोरात ओरडली,

"अप्पा, अप्पा, शब्द द्या ना.
काका डबा देईनात,
मावशी डबा उघडेना,
ब्रश जाळी झाडेना,
जाळी वाट सोडेना,
वारा आत शिरेना,
पंखा हळू फिरेना,
डबा गप्प बसेना,
आईची हाक ऐकू येईना!"

"मी कसला शब्द देतोय!" अप्पा फुरंगटून बसले. "डबा माझ्या लेकीचं काम करतो. त्याला चार फुलं वाहिली तर बिघडलं कुठं? आणि तो रुमाल माझ्या आईनं विणलाय. एकेक टाका घालून! रुमाल दिसला की मला ती आठवते. मी नाही काढायचा."

 आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नव्हतं. पालुलीला हुंदका आला. तिनं शेवटची ओळ तेवढी पुन्हा म्हटली. अगदी हळू.

"आईची हाक ऐकू येईना."

अप्पांना ती ऐकू गेली. कशी कोण जाणे, पण ऐकू गेली.

"आईची?" अप्पांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

 अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मला तर किती वर्षं झाली गं," ते म्हणाले.

मग ते उठले. डब्यावरचा रुमाल त्यांनी उचलला, झटकला, त्याची घडी केली. घडी आपल्या उशाशी ठेवली. "दिला शब्द," अप्पा म्हणाले. "रुमाल माझ्याजवळ राहील. अक्षता देवापुढं. झेंडूचं फूल डब्याच्या शेजारी, टेबलावर. डोक्यावर काही नाही!"

अप्पांनी शब्द दिला.
काकांनी डबा दिला.
मावशीचं चित्रही पुरं झालं. मग मावशीनं जुना डबा उघडला. कडाड्! मोडूनच उघडला.
ब्रशानं धूळ झाडली. खस खस, खस खस!

कॉम्प्युटर नव्या डब्यात राहायला गेला. अप्पांचं चालूच होतं, "हे इथं लाव गं! ते तिथं नको गं!" मावशी म्हणाली, "अप्पा, शूः!"

मावशीनं बटण दाबलं.
नव्या जाळीनं वाट सोडली.
वारा आत शिरला. सूं सूं!
पंखा हळू फिरला.
डबा गप्प बसला. हुश्श...

आणि आईची हाक?

ऐकू येईना.

घर एवढं शांत, एवढं शांत! नळ ठिबकला, तो ऐकू आला. शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. "चुक चुक" नाही. पालुली भिंतीवर एकटी बसली. आई थकली का? हाका मारायची थांबली का? मावशीनं श्वास धरून ठेवला. अप्पांनी कानामागं हात धरला. सगळे वाट बघत राहिले. ऊन भिंतीवरून उतरलं. सगळे अजून वाट बघत राहिले.

मग दाराच्या चौकटीमागून आलं, बारीक, घोगरं,

"चुक..."

एकदाच. एवढंच.

सुळुक सुळुक सुळुक सुळुक सुळुक सुळुक! पालुली आईच्या पोटाखाली.

"दिवसभर हाका मारतेय," आई म्हणाली. तिचा घसा पार बसला होता. "मला वाटलं, माझी पालुली मोठी झाली. आता काही ती यायची नाही."

"एवढ्यात नाही," पालुली पोटाखालून म्हणाली.

डबा गप्प, पंखा गप्प, पालुली गप्प. आमची गोष्टही गप्प. आता तुम्हीसुद्धा गप्प बसा आणि ऐका, तुम्हाला कोण हाक मारतंय ते.