हळब्यांची हिरवळ

“मग माझं चुकतंय कुठं, तेवढं सांगा.”

मनोहर हळबे हिरवळीच्या काठावर उभे होते. हातात फाइल. तिच्यात मातीचा अहवाल, पाण्याचा अहवाल, खतांचं वेळापत्रक.

दस्तगीरचाचांनी फाइल घेतली नाही. ते उकिडवे बसून गवताकडे बघत होते.

चाचांचं वय ऐंशीच्या पुढं. उमेदीची चाळीस वर्षं त्यांनी जुन्या संस्थानाचं पोलोचं मैदान राखलं होतं. त्या जागी आता इमारती आहेत. चाचा टेकडीवरच्या दर्ग्यात झाडलोट करतात, तिथंच एका खोलीत राहतात. आसपासच्या बंगल्यांत कुणाचं गवत आजारी पडलं की लोक गाडी घेऊन त्यांना न्यायला येतात.

हळबे स्वतः गाडी घेऊन आले होते.

“तीन धरणं बांधलीत मी, चाचा. तीन. आणि एक एकर गवत मला जगवता येऊ नये?”

एक एकर पिवळं पडलं होतं. मधे मधे ताटाएवढे तपकिरी डाग. कडेला लाल रंगाचा छोटा ट्रॅक्टर उभा होता, बसून गवत कापायचा. त्याच्यावर धुळीचा कणही नव्हता.

चाचांनी एक काडी खुडली आणि उन्हात धरली.

“टोक बघा.”

टोक पांढरं होतं. दोऱ्यासारखं सुटलेलं.

“हे कापलेलं न्हाई. हे फाडलंय. पात्याला धार न्हाई तुमच्या.”

“शक्य नाही. नोव्हेंबरात नवं पातं बसवलंय.”

“आता फेब्रुवारी.”

“हो.”

“तीन महिन्यांत नवं पातं बोथटलं?”

हळब्यांची नजर ट्रॅक्टरकडे गेली.

चाचांनी चिमटीत गवत धरून हलकेच ओढलं. झुपका अलगद वर आला. मुळं नखाएवढी.

“वर राहू देत न्हाई तुम्ही. मग ते खाली कशाच्या जोरावर जाईल?”

“पुस्तकात दिलीय तेवढीच उंची ठेवलीय मी.”

चाचांनी करंगळी गवतात रोवली. गवत नखाच्या वर आलं नाही.

“रोज कापता?”

…

“साहेब?”

“दोनदा,” हळबे म्हणाले. “सकाळी आणि संध्याकाळी.”

“थंडीत गवत वाढतंय कुठं? कापता काय?”

“काही नाही. नुसता फिरवतो.”

चाचांनी मान वळवून घराकडे पाहिलं. हळब्यांनी फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“घरात कोण असतं?” चाचांनी विचारलं.

“कुणी नाही.”

“वहिनी?”

“गेली. ऑक्टोबरात.”

…

“मी इथंच होतो,” हळबे म्हणाले. “ह्या ट्रॅक्टरवर. कानाला त्रास नको म्हणून जाड हेडफोन घालतो मी. कापायचे शेवटचे चार पट्टे राहिले होते. कुमुद त्या स्वयंपाकघराच्या पायरीवर आली असणार. छातीत कळ आली असणार. शेजारच्या मळ्यातल्या बायजाबाईंनी ऐकलं. ‘अहो… अहो…’ करत होती म्हणे. बायजाबाईंना वाटलं, चहाला बोलावतेय.”

चाचांनी पायरीकडे पाहिलं. तिथून हिरवळीचा मधला भाग पन्नास पावलांवर होता.

“मी चारही पट्टे पुरे केले. सरळ. मग ट्रॅक्टर शेडमध्ये लावला. पुसला. मग घरात गेलो.”

त्यांचा आवाज कुठेच हलला नाही. धरणाच्या भिंतीचं माप सांगावं तसे ते बोलले.

“एवढं झाल्यावर त्याच यंत्रावर बसता?”

“त्याच्यावरच बसवतं. इंजिन चालू असलं की काही ऐकू येत नाही. बंद केलं की…” ते थांबले. “बंद केलं की मी ऐकायला लागतो.”

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले.

“चालू करा.”

“आत्ता?”

“चालू करा. रोजच्यासारखं.”

फाइल काठावर ठेवून हळबे ट्रॅक्टरवर चढले. हेडफोन कानांवर चढवले. किल्ली फिरवली. सुकलेल्या गवताचा धुरळा उडाला. ते मधोमध गेले, वळले, परत आले. पुन्हा गेले.

तिसऱ्या वळणावर त्यांची नजर वर गेली. दस्तगीरचाचा स्वयंपाकघराच्या पायरीवर उभे होते. तोंड उघडं. मानेच्या शिरा ताणलेल्या. दोन्ही हात तोंडाशी धरलेले.

हळब्यांनी किल्ली बंद केली. हेडफोन ओढून काढले. उतरताना पाय अडकला, तसेच ते धावत आले.

“काय झालं? चाचा, काय झालं?”

चाचांना धाप लागली होती. ते पायरीवर बसले.

“कितव्या हाकेला ऐकू आलं?”

“ऐकू नाही आलं. तुम्हाला पाहिलं.”

“नऊ हाका मारल्या. म्हाताऱ्याच्या, पण मैदानावरच्या. घोडी थांबायची माझ्या हाकेनं.”

हळब्यांनी हातातल्या हेडफोनकडे पाहिलं.

मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच असेल.

“म्हणजे मला ऐकू येणं शक्यच नव्हतं. असंच ना? म्हणजे माझा दोष नाही. असंच म्हणायचंय ना तुम्हाला?”

“तसं म्हणालो न्हाई मी.”

“मग?”

“मान वर केली, तवा दिसलो की मी तुम्हाला.”

…

हळबे खाली बसले. पायरीवर नाही, पायरीसमोरच्या गवतावर. फाइल काठावरच पडून होती. वाऱ्यानं तिच्यातला एक कागद निघाला आणि तारेच्या कुंपणापर्यंत गेला. दोघांपैकी कुणी तो आणायला उठलं नाही.

“त्या दिवशी,” हळबे म्हणाले, “एकदाही वर पाहिलं नाही मी. पट्टा वाकडा गेला असता.”

चाचा ‘होऊन गेलं’ म्हणाले नाहीत. ‘तिची वेळ भरली होती’ म्हणाले नाहीत. वरच्याचं नाव घेतलं नाही. नुसते बसून राहिले, धाप खाली बसेपर्यंत.

शेजारच्या मळ्यात कुणीतरी मोटार चालू केली. पाणी पडल्याचा आवाज आला.

“औषध सांगा,” अखेर हळबे म्हणाले. त्यांच्या आवाजातला साहेब निघून गेला होता.

“दोन महिने कापायचं न्हाई. अजिबात. बोटभर वाढलं तरी न्हाई. चाकांनी जमीन दगड झालीय, ती लोखंडी काट्यानं टोचून घ्या. पाणी रोज शिंपडू नका, चार दिवसांनी एकदा, पण पोटभर. खत बंद.”

“आणि ट्रॅक्टर?”

“झाकून ठेवा.”

“दोन महिने?”

“दोन महिने.”

हळब्यांनी पिवळ्या हिरवळीकडे पाहिलं. मग घराच्या उघड्या दाराकडे. आत ओटा दिसत होता, त्यावर उलटा घातलेला एकच कप.

“सकाळी सहाला उठतो मी, चाचा. दहा वाजेपर्यंत हे चालतं. मग पुन्हा चारला. मधल्या वेळेचं मी कसंबसं भागवतो. सगळा दिवस… सगळा दिवस मी ह्या शांततेत काय करू?”

चाचांनीही त्या उलट्या कपाकडे पाहिलं.

ऊन पायरीवरून उतरलं. चाचांना दर्ग्यात परत सोडायचं होतं. हळबे उठले, किल्ल्यांसाठी खिसा चाचपला आणि तसेच थांबले.

“दोन महिने मी काही केलं नाही, तुम्ही म्हणता तसं राहिलो… तर होईल पुन्हा पहिल्यासारखं?”

दस्तगीरचाचा पायरीवरून उठले.

“गवत होईल.”