झिलू मेस्ताची पाचर आणि सगुणेची पेज

फार वर्षांपूर्वी, घाटात पहिला ट्रक नुकता चढू लागला होता तेव्हा, कुडवळ गावातल्या सगुणेने ग्रामदेवी पावणाईपुढे एक व्रत घेतलं होतं. नवरा झाड पाडायला गेला की तो घरी परत येईपर्यंत अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही.

तिचा नवरा झिलू मेस्त. त्याचा बाप झाडाखालीच गेला होता. वीस माणसांनी दोर ओढला, दोर तुटला आणि झाड उलटं फिरलं. तेव्हापासून झिलूने दोराला हात लावला नाही. एकदा त्याने घाटात एक ड्रायव्हर बघितला. तेलाच्या जोरावर चालणारा वीतभर उंचीचा जॅक ट्रकखाली ठेवून तो एकटाच दांडा मारत होता, आणि माल भरलेला ट्रक वर येत होता. झिलू तिथेच उकिडवा बसला. ड्रायव्हर हसला आणि जाताना आपला जुना जॅक त्याला देऊन गेला, असं म्हणतात.

मग झिलूने आपली रीत बसवली. झाड जिकडे पाडायचं तिकडे आधी खाच घ्यायची. मागून करवत चालवायची, पण मधे चार बोटं लाकूड बिजागरीसारखं राखायचं. मागच्या कापात जॅक बसवायचा. दांडा एकदा मारला की झाड केसभर उचललं जातं, तेवढ्यात शेजारी लाकडाची पाचर ठोकायची. एक दांडा, एक पाचर. "जॅक उचलता, पाचर धरता," तो म्हणायचा. जॅक दगा देईल, पाचर देणार नाही.

अशी कितीतरी कललेली झाडं त्याने घरांवरून अलगद दुसरीकडे नेऊन ठेवली. पण सगुणेच्या जिवाला स्वस्थता नव्हती. तो गेला की ती उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून उंबऱ्यापर्यंत फेऱ्या घालायची. घसा कोरडा पडायचा, पण व्रत मोडलं नाही.

एका वैशाखात झिलू हाताला फडकं गुंडाळून घरी आला. दोन बोटं चेचली होती. जॅक सटकला होता आणि खाली पाचर नव्हती.

"घाई कित्याक केलात?" सगुणेने विचारलं.

झिलू खाली बघत म्हणाला, "तू हंय पाण्याबिगर बसलंस, नि मी थंय पाचरी ठोकीत रवू?"

सगुणेच्या ध्यानात आलं. ज्याच्यासाठी ती उपाशी राहत होती, त्यालाच तिचा उपास घाईला लावत होता. आता व्रत सोडावं तर देवीचा कोप होईल, आणि धरावं तर पुढच्या वेळी बोटांवर भागणार नाही. आठ दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

त्यातच गावातला जुना बेहड्याचा वृक्ष मुळापासून सुटला. सात घरं आणि पावणाईचं देऊळ यांच्यावर तो कललेला होता, आणि आता त्याची मुळं मातीतून वर आली होती. पावसाआधी पाडला नाही तर घरं जाणार. गावाने झिलूला बोलावलं.

सगुणा देवळात गेली. म्हातारी गुरवीण आनशी वाती वळत होती. सगुणेने तिला सगळं सांगितलं.

आनशी म्हणाली, "पावणाईच्या घरात तांदूळ कमी पडले म्हणान ती तुझी पेज ठेवन घेता, असा वाटता तुका?"

सगुणा हसली नाही. देवीपुढे बराच वेळ बसली, आणि उठताना नवं व्रत घेऊन उठली.

बेहडा पाडायच्या दिवशी सातही घरं रिकामी केली. दोन झाडांच्या उंचीइतक्या अंतरावर गाव उभं राहिलं. सगुणा त्यांच्यातच, पण झिलूला दिसेल अशी पुढच्या रांगेत बसली. समोर पेजेचं मडकं ठेवलं आणि ती जेवू लागली.

"बघा गे, घोव झाडामुळात नि ही पेज भुरकता," एक बाई म्हणाली. बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या.

पण झिलूने मान वळवून बघितलं की सगुणा वाटी तोंडाला लावायची. झिलू पुन्हा वळायचा. एक दांडा, एक पाचर. ऊन डोक्यावर आलं, कललं, तरी त्याने एकही पाचर चुकवली नाही. आणि तिचं मडकंही रिकामं झालं नाही, असं म्हणतात. सकाळी दोन वाट्यांची पेज होती. ती सूर्य कलेपर्यंत पुरली.

बेहडा हळूहळू सरळ झाला. वाकलेला म्हातारा कमरेवर हात ठेवून उठावा तसा. तेवढ्यात जॅकमधून तेलाची चिळकांडी उडाली आणि जॅक खाली बसला. झाड करकरलं, पण हललं नाही. सगळ्या पाचरी घट्ट होत्या. झिलूने घण घेतला आणि पाळीपाळीने एकेक पाचर आत घातली. देवळावरची सावली सरकली. बेहडा मोकळ्या मळ्यावर असा निजला, की त्याच्या शेंड्यातल्या घरट्यातलं अंडंसुद्धा फुटलं नाही, असं म्हणतात.

झिलू चालत आला, सगुणेशेजारी बसला आणि त्याच मडक्यातली पेज प्यायला. तेव्हा कुठे तळ दिसला.

आता कुडवळात करवती यंत्राच्या आहेत, जॅकही नवे आहेत. तरी झाडाला हात लावण्याआधी पाडणाऱ्याच्या घरचं माणूस लांब, पण समोर येऊन बसतं आणि पेज पितं. ते जेवायला बसल्याशिवाय पहिला दांडा मारत नाहीत. दांडा मारणारा "झिलू" म्हणतो, पाचर ठोकणारा "सगुणा" म्हणतो.

म्हणून बायांनो, तुमचं माणूस जोखमीच्या कामाला निघालं तर देवापुढे दिवा जरूर लावा. पण सगुणेने दुसऱ्यांदा घेतलं तसं व्रत तुम्हीही घ्या. पोटभर जेवा, आणि निघताना त्याला सांगा, माझं जेवण झालंय, तू सावकाश ये.